दोन मुठींवरचा ध्रुव

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, उकाड्यामुळे माणसं अंगणात, गच्चीवर, पानठेल्यापाशी होती. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सावकाश सरकत गेली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं. २०२१च्या फेब्रुवारीत चीनने सोडलेल्या ‘लाँग मार्च ३ बी’ या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असा निष्कर्ष अवकाश-अभ्यासकांनी काढला. ती आकाशरेघ पुढे कितीतरी दिवस लोकांच्या फोनमध्ये फिरत होती.

एका रेघेसाठी सगळा विदर्भ मान वर करून उभा राहिला. त्या रेघेच्या मागे जे तारे होते, तेही त्या क्षणी रेघा ओढतच होते. फक्त त्या इतक्या सावकाश ओढल्या जातात की माणसाची नजर एका जागी तेवढा वेळ थांबत नाही. कॅमेरा थांबतो. शटर उघडं ठेवून तो रात्रभर एका दिशेला बघत बसला, की प्रत्येक तारा ठिपका न राहता कमान होतो आणि सगळ्या कमानी एका न दिसणाऱ्या बिंदूभोवती फिरताना दिसतात. छायाचित्रकार याला ‘स्टार ट्रेल’ म्हणतात. हे चित्र काढायला महागडी दुर्बीण लागत नाही, पर्वतशिखर लागत नाही. अंधार लागतो, आणि तो यवतमाळ जिल्ह्यात अजून आहे.

अजून आहे, हे शब्द मी जपून वापरतो आहे. ते का, ते पुढे येईलच.

रेघा ताऱ्यांच्या म्हणायच्या, पण फिरतो आपण. पृथ्वी तासाला पंधरा अंश वळते, म्हणजे चार मिनिटांना एक अंश. एक पूर्ण गिरकी २३ तास, ५६ मिनिटं आणि ४ सेकंदांची. आपल्या घड्याळातल्या दिवसाहून ती चार मिनिटांनी लहान, म्हणून प्रत्येक तारा आदल्या रात्रीपेक्षा चार मिनिटं आधी उगवतो आणि महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. आर्यभटाने इ. स. ४९९च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात ४३,२०,००० वर्षांच्या एका महायुगात पृथ्वीच्या १,५८,२२,३७,५०० गिरक्या होतात असं सांगितलं आहे. या आकड्यांवरून एका गिरकीचा वेळ काढला, तर तो आजच्या मापाशी सेकंदाच्या अंशापर्यंत जुळतो. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात, हा दाखलाही त्याचाच. हाती दुर्बीण नसताना केवढी ही नजर! आज हजार-दीड हजार रुपयांच्या ट्रायपॉडवर कॅमेरा लावून कोणताही कॉलेजातला पोरगा तीच गोष्ट दोन तासांत कागदावर आणू शकतो, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र या रेघा पुष्कळ काळ नकोशाच होत्या. १८५०च्या जुलैमध्ये हार्वर्ड वेधशाळेत बाँड आणि व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याचं छायाचित्र घेतलं. सूर्य सोडला तर ते ताऱ्याचं पहिलं छायाचित्र. तारा हलू नये, ठिपका ठिपकाच राहावा, यासाठी दुर्बिणीला यंत्राने आकाशाबरोबर फिरवावं लागतं, आणि तेव्हापासून खगोलशास्त्रज्ञांची सगळी खटपट तीच आहे. स्टार ट्रेल काढणारा ती खटपट सोडून देतो. तो कॅमेरा जमिनीला घट्ट बांधतो आणि जमिनीची गती आकाशावर उमटू देतो. म्हणून या चित्रात खालची जमीन महत्त्वाची. ती कुठली आहे, यावर वरच्या रेघांचा आकार ठरतो.

यवतमाळ शहर साधारण २०.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून इथून ध्रुवतारा क्षितिजापासून वीस अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. उत्तरेला क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, की ध्रुव सापडला. लंडनमध्ये तो एक्कावन अंशांवर, लेहला चौतीस अंशांवर. परदेशी छायाचित्रांत फ्रेमच्या मधोमध उंच ध्रुव आणि त्याच्याभोवती तबकडीसारखी वर्तुळं दिसतात, ती पाहून आपल्याकडचे नवे छायाचित्रकार तसंच चित्र शोधत बसतात. ते इथे मिळत नाही, आणि मिळालं नाही म्हणून बिघडतही नाही. ध्रुव खाली असल्यामुळे एखाद्या हेमाडपंती देवळाचं शिखर, शेतातलं कडुनिंबाचं झाड, टेकडीवरचा दगड असं काहीही त्याच्याखाली सहज बसवता येतं. झाडाच्या शेंड्यातून वर्तुळं निघाल्यासारखी दिसतात. पूर्ण वेळ क्षितिजाच्या वर राहणारे तारे मात्र थोडे. ध्रुवमत्स्याचे सात तारे इथून मावळत नाहीत. सप्तर्षी मावळतात, शर्मिष्ठा मावळते. त्यांच्या कमानी जमिनीत शिरतात आणि जमिनीतून वर येतात.

आणि लहानपणापासून ज्याला अढळ म्हणून ऐकलं, तो ध्रुवही कॅमेऱ्यात फिरतो. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीपेक्षा किंचित अधिक. तीन-चार तासांचं चित्र मोठं करून पाहिलं, की सगळ्या कमानींच्या पोटात त्याची नखाएवढी कमान दिसते. गोष्ट खोटी पडली म्हणून मुलांना वाईट वाटेल असं एखाद्याला वाटेल; माझा अनुभव उलट आहे. ती छोटी कमान दाखवली की मुलं चित्राला चिकटतात.

दक्षिणेकडे तोंड केलं तर चित्र पार बदलतं. मृगाच्या कमरेचे तीन तारे जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर आहेत, त्यांच्या रेघा सरळ येतात. त्यांच्या वरच्या रेघा उत्तरेच्या ध्रुवाभोवती वाकतात, खालच्या दक्षिणेच्या ध्रुवाभोवती. तो दक्षिण ध्रुव इथे क्षितिजाच्या वीस अंश खाली, जमिनीच्या पोटात आहे. अगस्ती यवतमाळच्या आकाशात जास्तीत जास्त सतरा अंश चढतो, म्हणून त्याची रेघ दक्षिण क्षितिजावर बुटक्या कमानीसारखी पडते. पूर्वेला रेघा जवळजवळ उभ्या, क्षितिजाशी सत्तर अंशांचा कोन करून वर जाणाऱ्या. रंगही इथे खुलतात. साध्या छायाचित्रात तेजस्वी तारा पांढरा फटफटीत होतो. रेघेत त्याचा प्रकाश पसरतो आणि रोहिणीचा नारिंगी, काक्षीचा तांबूस, राजन्याचा निळसर रंग वेगवेगळा ओळखू येतो.

आता जागेबद्दल. यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरचा, सोळा तालुक्यांचा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेअठ्ठावीस लाख. राज्याची सरासरी चौरस किलोमीटरला ३६५ माणसं, इथे दोनशेच्या आसपास. एका अंगाला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा, मध्ये पठार आणि पुसदच्या बाजूच्या टेकड्या. बाभूळगावकडे बेंबळा धरणाचं पाणी आहे, उमरखेडकडे पैनगंगेचं अभयारण्य आणि सहस्रकुंड, घाटंजी-पांढरकवड्याच्या मध्ये टिपेश्वर. यातली कोणतीही जागा निवडताना एक गोष्ट आधी बघायची: उत्तरेचं चित्र हवं असेल तर गाव आपल्या पाठीशी, म्हणजे दक्षिणेला, राहिलं पाहिजे. ध्रुव दोनच मुठी वर आहे. उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर एखादं तालुक्याचं गाव असलं तरी त्याच्या दिव्यांचा पिवळट फुगवटा नेमका वर्तुळांच्या मध्यावर येतो.

अभयारण्यात रात्री जाता येत नाही आणि जाऊही नये. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं. तिथले वाघ त्या सीमेत राहत नाहीत. इथूनच निघालेला एक तरुण वाघ २०१९-२० मध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे त्याचा मार्ग कळला. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात एका वाघिणीच्या हल्ल्यांनी माणसं गेली, आणि २०१८च्या नोव्हेंबरात ती वाघीणही मारली गेली. तेव्हा शेत निवडायचं ते वस्तीजवळचं, ओळखीच्या माणसाचं. पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवायचं. रात्री अनोळखी माणसं शिवारात दिसली की गाव घाबरतं, त्यात गावाची चूक नाही. वाघाहून मोठा धोका तारेचा. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडलेला असतो, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही. एकदा जागा ठरली की अंधारात धुरे ओलांडून भटकायचं नाही. पायात बूट, हातात टॉर्च. घोणस आणि मण्यार याच वेळी फिरतात.

दिवस कोणते? पावसाळ्याचे चार महिने गेले. दिवाळीनंतर फटाक्यांचा धूर बसायला थोडे दिवस द्यावेत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून शेतात पऱ्हाटी पेटते आणि क्षितिज मळकट होतं. उरतो तो कार्तिकाच्या मध्यापासून माघापर्यंतचा काळ, त्यातल्या अमावस्येच्या अलीकडच्या-पलीकडच्या रात्री. डिसेंबरच्या शेवटी इथे रात्र तेरा तासांची असते. संधिप्रकाश सोडला तर साडेदहा तास पक्का अंधार. एवढ्या वेळात एक तारा दीडशे अंशांच्या वर कमान ओढतो, अर्ध्या वर्तुळाला थोडीच कमी. पूर्ण वर्तुळ एका रात्रीत यवतमाळला कुणालाच मिळणार नाही.

काम तसं साधं आहे, पण क्रम चुकला की रात्र जाते. उजेड असतानाच पोचायचं, चित्रात खाली काय ठेवायचं ते ठरवायचं. अंधार पडला की एका तेजस्वी ताऱ्यावर स्क्रीन मोठी करून फोकस लावायचा आणि लेन्सची कडी चिकटपट्टीने बांधून टाकायची, म्हणजे चुकून हात लागला तरी सरकणार नाही. चौदा ते चोवीस मिलिमीटरची रुंद लेन्स, छिद्र जितकं उघडेल तितकं उघडं, आयएसओ आठशे ते सोळाशे. मग तीस-तीस सेकंदांची छायाचित्रं, दोन्हींमध्ये एक सेकंदाचा खंड, रिमोटने आपोआप. दोन तासांत सव्वादोनशेच्या वर फ्रेम होतात. कॅमेऱ्यातली ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ ही सोय न विसरता बंद ठेवायची. ती चालू राहिली तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ स्वतःचं काम करत बसतो आणि रेघा तुटक येतात.

फिल्मच्या काळात हे एकाच फ्रेमवर करावं लागे. शटर तास-दोन तास उघडं. वेळ वाढला की फिल्मची संवेदनशीलता घटत जाई आणि मध्येच कुणाच्या मोटारसायकलचा उजेड आला तर सगळं वाया. आता घरी आल्यावर ‘स्टारस्टॅक्स’सारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम एकावर एक ठेवतं आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ बिंदू तेवढा राखतं. तारा जिथून जिथून गेला तिथे तिथे उजळ बिंदू राहतो, त्यांची रेघ होते. जमीन आणि आकाशाचा काळा भाग काळाच राहतो. मोटारसायकलवाली फ्रेम तेवढी काढून किंवा दुरुस्त करून घेता येते. अवकाशस्थानकातून डॉन पेटिट या अंतराळवीराने ताऱ्यांच्या रेघांची जी गाजलेली छायाचित्रं घेतली, ती अशीच तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम जोडून. नेरच्या किंवा दारव्ह्याच्या शिवारातली पद्धत आणि पृथ्वीपासून चारशे किलोमीटर उंचावरची पद्धत एकच आहे, हे मुलांना मुद्दाम सांगावं.

थंडीतला खरा शत्रू दंव. हरभऱ्याला, गव्हाला पाणी दिलेलं शेत शेजारी असलं तर मध्यरात्रीनंतर लेन्सवर ओल धरते आणि तारे हळूहळू विरघळत जातात, रेघांची टोकं फिकट होतात. लेन्सभोवती गरम राहणारी पट्टी गुंडाळतात; ती नसेल तर हात गरम ठेवायच्या रासायनिक पुड्या मिळतात, त्या रबराने बांधल्या तरी चालतं. थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी खिशात उबेला ठेवायची.

बाकी रात्र बसून काढायची. आणि बसलं की कळतं, या शिवारात रात्री जागणारे आपण एकटे नाही. पंपाची लाईन आठवड्यातून काही दिवस रात्री येते, म्हणून कुणीतरी बॅटरी घेऊन पाणी धरायला आलेलं असतं. तुरीत रोही आणि रानडुकरं शिरू नयेत म्हणून कुणी जागलीला मचाणावर असतं, मधूनच डबा वाजवतं. असेच एक काका कॅमेऱ्यापाशी येऊन टेकले.

“काय पाहून रायले जी?”

“चांदण्यांचे फोटो काढतोय काका, रात्रभर.”

“मंग तीन वाजेलोक थांबा. बाज तं अर्ध्या रातीले निंगते, पन चोर मागून येतेत.”

नोव्हेंबरच्या मध्यावरचा हिशेब मी नंतर करून पाहिला. सप्तर्षींचे पहिले चार तारे, म्हणजे बाजेचे चार पाय, रात्री अकराच्या सुमारास ईशान्येला उगवू लागतात आणि साडेबारा-पाऊणपर्यंत चारही वर येतात. मग दीडच्या आसपासपासून पावणेतीनपर्यंत शेपटीचे तिघे एकामागोमाग एक. काकांचं घड्याळ बरोबर होतं.

ही बाज आणि हे चोर विदर्भात फार जुने आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंडांच्या आकाशज्ञानाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सप्तर्षींची ही म्हातारीची बाज आणि तिच्या मागे लागलेले तीन चोर आहेत. पुढच्या वर्षी बंजारा आणि कोलाम यांच्या आकाशज्ञानावर त्यांचा अभ्यास आला. हे तिन्ही समाज यवतमाळचे. झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडचे कोलाम पोड, पुसद-दिग्रसकडचे तांडे, केळापूर भागातली गोंडांची गावं. बंजाऱ्यांचे बैलांचे तांडे रेल्वे येण्याआधी देशभर धान्य-मीठ वाहत. उन्हाळ्यात रात्री चालणाऱ्याला तारे हेच घड्याळ आणि हीच दिशा. रात्र ओळखणारी ही माणसं अजून आहेत, पण त्यांची नातवंडं विजेच्या खांबाखाली वाढली आहेत. माझ्या मते यवतमाळमध्ये ताऱ्यांच्या रेघा काढायला जाणाऱ्याने कॅमेऱ्याबरोबर एक वही न्यावी. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने कोणत्या ताऱ्याला काय म्हटलं, तो कधी उगवतो म्हणाला, ते लिहून घ्यावं. छायाचित्र पुढच्या वर्षीही काढता येईल, ती माहिती पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही.

रेघांच्या मधून हल्ली दुसऱ्या रेघा जातात. नागपूरवरून देशाचे हवाई मार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे विमानांच्या ठिपक्यांच्या माळा चित्रात येतातच. २०१९च्या मेपासून स्टारलिंकचे उपग्रह सुटू लागले, आता ते हजारोंनी आहेत. संध्याकाळनंतरच्या आणि पहाटेआधीच्या तासांत ते सरळ, पांढऱ्या ओरखड्यांसारखे उमटतात. ते फ्रेमगणिक पुसता येतात. जमिनीवरून येणारा उजेड पुसता येत नाही. वणी पट्ट्यातल्या कोळसा खाणी, मुकुटबनचा सिमेंट कारखाना, पांढरकवड्याहून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग, आणि आता गावोगावच्या चौकातले हायमास्ट. कामाच्या ठिकाणी उजेड हवाच. चौकात बाई-माणसाला रात्री निर्धास्त चालता यावं म्हणून दिवा हवाच. पण हायमास्टचा पांढराशुभ्र एलईडी आडवा आणि वर जेवढा उजेड फेकतो, तेवढा ना रस्त्याला लागतो ना माणसाला. त्याचं वीजबिल ग्रामपंचायत भरते आणि आकाश त्याने धुऊन निघतं. जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आकाश सरासरी वर्षाला ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. त्या वेगाने आठ वर्षांत आकाश दुप्पट उजळतं. आज यवतमाळच्या गावाबाहेर जी आकाशगंगा दिसते, ती आज पहिलीत असलेल्या मुलाला दहावीनंतर दिसेल का, हा प्रश्न म्हणूनच मला आजचा वाटतो.

यावर उपाय विदर्भातच झालेला आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४च्या जानेवारीत देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी जंगल वाढवावं लागलं नाही की गावं हलवावी लागली नाहीत. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या काठच्या गावांतले शंभराहून अधिक रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले दिवे बसवले गेले. वाघोडा तलावाजवळ आकाश बघायला निरीक्षणस्थळ झालं. गावं अंधारात गेली नाहीत. रस्ते उजळ राहिले, आकाश काळं राहिलं. पर्यटकांना वाघ दिवसा दाखवता येतो, तसे तारे रात्री दाखवता येतात, आणि ती रात्रीची कमाई त्याच गावांत राहू शकते.

टिपेश्वरच्या काठावरची सुन्ना, माथनीसारखी गावं आणि उमरखेडकडची पैनगंगेच्या अभयारण्यालगतची गावं याला सर्वांत योग्य आहेत. जंगल आहे, लोकवस्ती विरळ आहे, प्राण्यांनाही रात्रीचा अंधार हवा आहे. जिल्हा नियोजनातून दिव्यांसाठी पैसा येतोच. तो येताना अट एवढीच घालावी लागेल. दिव्याचं तोंड पूर्ण खाली, वरून झाकण, रंग तीन हजार केल्विनच्या आतला पिवळसर, रात्री अकरानंतर उजेड निम्मा.

वाचकांपैकी जे यवतमाळचे आहेत, त्यांना विनंती आहे: तुमच्या गावात पुढचा हायमास्ट मंजूर होण्याआधी ग्रामसभेत हात वर करा आणि ही अट ठरावात लिहून घ्या.